आधी पत्रा, मग रंग

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके वावरलेली काळी-पिवळी फियाट टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर इतिहासजमा झाली. ‘प्रीमियर पद्मिनी’ जातीची शहरातील शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी ठरवून दिलेली २० वर्षांची मुदत संपताच तिलाही रस्ता सोडावा लागला. टॅक्सी गेली, पण खासगी मालकीच्या साऱ्या फियाट काही गेलेल्या नाहीत. मुंबई-पुण्यातील जुन्या इमारतींच्या आवारात, बंगल्यांच्या पडवीत, गावाकडच्या गोठ्याशेजारी त्या अजूनही ताडपत्रीखाली उभ्या आढळतात. कोणासाठी ती वडिलांनी घेतलेली पहिली गाडी असते, तर कोणाच्या लग्नाची वरात तिच्यातून निघालेली असते. ही गाडी पुन्हा देखणी करावी, असे घरातल्या कोणाच्या तरी मनात येते आणि पहिली चर्चा सुरू होते ती रंगाची. मूळचाच फिकट निळा द्यावा, की मलईसारखा पांढरा?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. गाडी गॅरेजात जाते, पंधरा दिवसांत चकचकीत होऊन परत येते, शेजारीपाजारी कौतुक करतात आणि दुसरा पावसाळा सरता सरता दाराच्या खालच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढे फोड दिसू लागतात. काही महिन्यांत ते फुटतात, त्यातून तांबूस पाणी ओघळते आणि केलेला सारा खर्च वाया जातो. दोष बहुधा रंगाच्या डब्याला दिला जातो. वास्तविक रंगाचा त्यात फारसा संबंध नसतो. जुन्या मोटारीच्या रंगकामात प्रत्यक्ष रंग फवारण्यास एखादा दिवस पुरतो. त्याआधीच्या तयारीस कित्येक आठवडे लागतात. ही तयारी रंगाखाली झाकली जाते, त्यामुळे ती गाळली तरी मालकाला लगेच कळत नाही. नेमकी तिथेच फसगत होते.

गाडीचा सांगाडा म्हणजेच पत्रा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आरंभी अमेरिकी क्रायस्लर समूहाच्या मोटारींची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९५४ च्या सुमारास ‘फियाट ११००’ ही गाडी भारतात आली. तिच्या गुबगुबीत आकारामुळे मराठी माणसाने तिला ‘डुक्कर फियाट’ असे लाडके नाव दिले. १९६४ मध्ये सरळ रेषांची ‘११०० डिलाइट’ आली. तीच गाडी १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली. हे उत्पादन शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. त्यामुळे जुन्या गाडीच्या रंगकामाचा विचार करताना महाराष्ट्रात फियाटइतके ओळखीचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

या गाडीची एक रचना समजून घेणे आवश्यक आहे. जीप किंवा ट्रकच्या खाली स्वतंत्र लोखंडी चौकट असते. इंजिन, चाके आणि वरची बॉडी त्या चौकटीवर बसवलेली असते. फियाट ११०० मध्ये अशी वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत हे सारे एकमेकांना जोडून तयार झालेली पेटीच गाडीचे वजन पेलते. दारांखालच्या या पोकळ पट्टीला गॅरेजात ‘सिल’ म्हणतात. ती आतून कुजली, तर गाडी मधोमध खचू लागते, दारे नीट बसत नाहीत आणि अपघातात प्रवाशांना मिळणारे संरक्षणही कमी होते. अशा पट्टीवर लांबी भरून रंग मारणे म्हणजे कुजलेल्या वाशाला वॉर्निश लावण्यासारखे आहे. दिसण्यापुरते ते चालते. वजन पेलण्यास मात्र त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

रंग द्यायलाच हवा का?

कामाला हात घालण्यापूर्वी मालकाने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. अनेक जुन्या गाड्यांवर कारखान्यातला मूळ रंग अजून टिकून असतो. तो वरून मळकट, खडूसारखा पांढुरका झालेला दिसतो. पण बऱ्याचदा बिघाड फक्त वरच्या पातळ थरात असतो. सौम्य रबिंग आणि पॉलिशने खालचा सतेज रंग उघडा पडू शकतो. एखाद्या कोपऱ्यात, उदाहरणार्थ डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, आधी प्रयोग करून पाहावा. मात्र हाताने आणि बेताने. मूळ रंगाचा संपूर्ण थर साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच जाड असतो. यंत्राने जोरात घासले, तर कडांवरचा रंग पार निघून पत्रा दिसू लागतो.

ऐतिहासिक मोटारींच्या क्लबांची जागतिक संघटना असलेल्या ‘फिवा’ने आपल्या ‘टुरिन सनदे’त जतनाला प्राधान्य दिले आहे. जुने जे काही शिल्लक आहे ते आधी सांभाळावे, आणि अपरिहार्य असेल तेवढेच बदलावे, असा त्यामागील विचार आहे. गाडीचा नवा रंग कितीही वेळा देता येतो. कारखान्यातला रंग मात्र एकदाच दिलेला असतो. तो खरवडून काढल्यावर कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. म्हणून रंग जिवंत असेल आणि गंज एखाद-दुसऱ्या जागीच असेल, तर तेवढ्याच भागाची दुरुस्ती करणे श्रेयस्कर. संपूर्ण गाडी सोलून काढण्याचा निर्णय घ्यायचा तो गंज सर्वत्र पसरला असेल किंवा पूर्वीच्या रंगकामांचे थरावर थर साचून ते तडकू लागले असतील तेव्हा.

गंजाची चाल

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर ही प्रक्रिया वेगाने होते. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर गाड्या लवकर गंजण्याचे कारण हेच. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो आणि वर फोड येतो. वर दिसणारा फोड वाटाण्याएवढा असला, तरी रंगाखाली गंज तळहाताएवढा पसरलेला असू शकतो. शिवाय बहुतेक वेळा गंज आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेर फोड दिसला, तेव्हा आतला पत्रा बराचसा खाल्ला गेलेला असतो.

पाणी आणि माती जिथे साचून राहते, त्या जागा प्रथम तपासाव्यात. दारांच्या खालच्या कडा, सिल, चाकांवरच्या कमानी, पाय ठेवण्याच्या जागेचा तळ, डिकीत स्टेपनी ठेवण्याची जागा, काचांच्या रबराखालची चौकट आणि आम्ल सांडून पोखरला जाणारा बॅटरीखालचा पत्रा या त्या नेहमीच्या जागा. तपासणीला महागडी साधने लागत नाहीत. कापडात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे असे समजावे. बोटाच्या पेराने टकटक केल्यास चांगला पत्रा खणखणीत वाजतो, तर लांबीचा आवाज बद्द येतो. गाडी उचलून खालून टॉर्चच्या प्रकाशात पाहणे आणि तळाचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहणे हेही तितकेच आवश्यक. टोक आत घुसले, तर तेथे पत्रा शिल्लक उरलेला नाही.

सोलण्याचे काम

संपूर्ण रंगकाम करायचे ठरले, की गाडी उघडावी लागते. बंपर, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, दारांच्या मुठी, काचा आणि त्यांची रबरे काढल्याशिवाय केलेले रंगकाम अर्धवटच राहते. केवळ टेप आणि कागद लावून रबराभोवती रंग मारला, तर कडेला जी रेघ उरते, तिथूनच पाणी आत शिरते. सुटे करण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक जोडाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवून तिच्यावर नाव लिहावे. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. हरवलेली एक बारीक क्लिप मिळवण्यासाठी जुन्या बाजारात महिनाभर फिरावे लागते.

रंग काढण्याच्या पद्धती तीन. पहिली, हाताने किंवा यंत्राने घासून काढणे. दुसरी, रंग सैल करणारे रसायन लावणे. ते प्रभावी असते, परंतु पत्र्याच्या दुमडीत आणि जोडांत राहून गेल्यास पुढे नव्या रंगाला आतून उठवते. त्यामुळे जोडांजवळ ते न लावता तिथे हातानेच काम करावे. तिसरी पद्धत म्हणजे दाबाखालील हवेने कण मारून पत्रा साफ करणे. चाके, ब्रॅकेट अशा जाड भागांसाठी ती उत्तम. परंतु बॉनेट, छत किंवा दार यांच्या रुंद पातळ पत्र्यावर जोराने वाळू मारली, तर तो लाटांसारखा वाकडा होतो आणि पुन्हा सरळ करणे जवळजवळ अशक्य ठरते. शिवाय नेहमीच्या वाळूची धूळ फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. पातळ पत्र्यासाठी कमी दाबाखाली सोडा किंवा प्लास्टिकचे कण वापरणे हा सुरक्षित पर्याय आहे.

सोलण्याच्या कामात आणखी एक धोका दडलेला असतो. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत तसेच शेंदरी प्रायमरमध्ये, शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दहा लाख भागांमागे ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घालण्यात आली. पण मोटारीवरचा जुना रंग त्याच्या कितीतरी आधीचा असतो. तो कोरडा घासल्यास शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक असते. म्हणून जुना रंग घासायचा तर ओला घासावा, तोंडावर चांगल्या दर्जाचा मास्क असावा, आणि हे काम इमारतीच्या आवारात मुले खेळतात तिथे कधीही करू नये.

हातोडी, वेल्डिंग आणि लांबी

पत्रा उघडा पडला की डेंटरचे काम सुरू होते. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि त्याच जाडीच्या नव्या पत्र्याचा, त्याच आकारात वळवलेला तुकडा जोडायचा, हा सरळ नियम आहे. भोकावर वरून ठिगळ ठेवून जोडले, तर दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरते आणि गंजाला नवे घर मिळते. पूर्वी हे सारे काम गॅस वेल्डिंगने होई. गॅसची उष्णता दूरवर पसरते आणि पातळ पत्रा आकसून वाकडा होतो. आता गॅरेजात ज्याला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात, त्या पद्धतीने थोड्या थोड्या अंतरावर टाके घालत, मध्ये पत्रा निवू देत काम केले जाते. त्यात घाई केली की पत्रा पिळवटतोच.

सिल बदलताना विशेष काळजी घ्यावी लागते. ती कापल्यावर गाडीच्या पेटीचा एक आधारच निघून जातो. म्हणून गाडी योग्य ठिकाणी टेकवून, आतून आडवे आधार देऊन आणि दारे बसवून त्यांच्या फटी वारंवार तपासत हे काम करायचे असते. दोन्ही बाजूंच्या सिल एकाच वेळी कापणे धोक्याचे.

पोचे काढताना कुशल कारागीर पत्र्याच्या एका बाजूला डॉली धरतो आणि दुसऱ्या बाजूने हातोडीचे हलके, मोजके ठोके मारतो. पत्रा ताणला न जाता मूळ जागी यावा, हे त्यातले कसब. हाताने जेवढे सरळ होईल तेवढे करून उरलेल्या बारीक खोलगटपणासाठीच लांबी असते. लांबी स्वभावतः वाईट नव्हे. वाईट असतो तिचा गैरवापर. २-३ मिलिमीटरपर्यंतचा थर वर्षानुवर्षे टिकतो. बोटभर जाड थर मात्र गाडीच्या थरथरीने तडकतो. शिवाय नेहमीची पॉलिस्टर लांबी पाणी शोषून घेते. ती गंजलेल्या पत्र्यावर किंवा आरपार भोकावर भरली, तर ओला बोळा पत्र्याला बांधून ठेवल्यासारखेच होते.

प्रायमरविषयीचा गैरसमज

उघड्या पत्र्याला हवा लागताच, विशेषतः दमट हवेत, काही तासांत तांबूस छटा येऊ लागते. म्हणून सगळी गाडी एकदम सोलून महिनाभर ठेवून देणे योग्य नाही. जेवढा भाग साफ झाला, तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा थर चढवावा. खोल रुतलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण वापरतात. त्याने गंजाचे लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. मात्र द्रावणाचा अंश पत्र्यावर उरला, तर इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ते धुऊन पत्रा पूर्ण कोरडा करणे ही पायरी अनेकदा गाळली जाते.

इपॉक्सीवर लांबी, तिच्या वर सरफेसर आणि मग घासणे, असा क्रम बहुतेक कुशल पेंटर पाळतात. सरफेसर हा जाडसर थर असतो; घासून सपाट करण्यासाठीच तो दिलेला असतो. त्यावर वेगळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतात. सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासले, की उंच जागेवरचा फवारा निघून जातो आणि खोलगट जागी तो तसाच राहतो. डोळ्यांना न दिसणारे उंचसखल भाग अशा रीतीने उघड होतात. लांबीसाठी ८० क्रमांकाच्या कागदापासून सुरुवात करून १८० आणि ३२० क्रमांकांपर्यंत जावे. सरफेसरचा शेवटचा हात ४०० ते ६०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने द्यावा. मधल्या पायऱ्या वगळल्या, तर जाड कागदाचे ओरखडे रंग सुकल्यावर महिन्याभराने वर उमटतात.

‘प्रायमर मारून ठेवला आहे, आता गाडी गंजणार नाही’ हा सार्वत्रिक गैरसमज आहे. सरफेसर सच्छिद्र असतो. नुसत्या सरफेसरवर गाडी पावसात उभी ठेवली, तर पाणी थेट आत झिरपते. पैशाअभावी काम थांबवावे लागलेच, तर ते इपॉक्सीच्या थरावर थांबवावे आणि गाडी छपराखाली ठेवावी.

ड्युकोपासून टूकेपर्यंत

मोटारींच्या रंगाचा इतिहासही रंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी घोडागाडीप्रमाणे मोटारींनाही वॉर्निशचे हात द्यावे लागत आणि ते सुकण्यास काही आठवडे जात. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने १९२३ मध्ये ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला आणि हाच वेळ तासांवर आला. हे नाव इतके रुळले, की भारतात आजही फर्निचरवरच्या अशा रंगाला ‘ड्युको’च म्हणतात. त्यानंतर सिंथेटिक इनॅमल आले, आणि पुढे दोन घटक मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन रंग. गॅरेजच्या भाषेत तो ‘टूके’. एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर असतो. दोहोंच्या रासायनिक क्रियेने तयार होणारा थर ऊन, पेट्रोल आणि पाऊस यांना दीर्घकाळ तोंड देतो.

गाडीवर आधी कोणता रंग आहे, हे जाणण्याची एक सोपी चाचणी आहे. आडबाजूच्या जागी थिनरमध्ये भिजवलेले पांढरे कापड घासावे. रंग विरघळून कापडाला लागला, तर तो लॅकर. हे पाहायचे कारण असे, की जुन्या किंवा अर्धवट सुकलेल्या इनॅमलवर तीव्र थिनरचा नवा रंग मारल्यास खालचा थर सुरकुतून उठतो. नव्या रंगाची छटा ठरवतानाही पद्मिनीसारख्या गाडीचा काळ ध्यानात घ्यावा. त्या काळातील बहुतेक भारतीय मोटारी साध्या, एकसंध रंगांत येत. त्यांच्यावर आजचा चंदेरी चमक असलेला रंग परका दिसतो. मूळ छटा हवी असल्यास डॅशबोर्डच्या मागे किंवा दाराच्या अस्तराखाली, जिथे ऊन पोहोचलेले नाही, तिथला रंग नमुना म्हणून घ्यावा.

हवेचा हात

रंगकामासाठी कोकण किनाऱ्यावर पावसाळा हा सर्वांत वाईट काळ. हवेतील दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग मारू नये, आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, असा सामान्य दंडक आहे. यामागचे कारण साधे आहे. थिनर उडून जाताना पत्रा थंड होतो. हवा दमट असेल, तर त्यावर डोळ्यांना न दिसणारे दव धरते आणि लॅकरवर दुधासारखी पांढरी झाक येते. पत्र्यावर आधीच ओल असेल, तर ती रंगाखाली बंदिस्त होते आणि पुढे तिचे फोड होतात. मुंबईत हिवाळ्याचे कोरडे दिवस किंवा तापमान नियंत्रित करणारी बंद भट्टी हेच दोन विश्वसनीय पर्याय.

फवारताना स्प्रे गन पत्र्यापासून साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवून, प्रत्येक पट्ट्याने मागच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकत, हात एकाच गतीने चालवायचा असतो. गन फार जवळ आली की रंग ओघळतो. ती दूर गेली की थेंब वाटेतच सुकतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग मिळतो. दोन थरांमध्ये थिनर उडून जाण्यास १०-१५ मिनिटे द्यावी लागतात. सिलिकॉन असलेल्या पॉलिशचा किंवा तेलाचा अंश पत्र्यावर राहिला असेल, तर तिथून रंग बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळे उमटतात. त्यामुळे फवारणीपूर्वी सगळा पत्रा विशेष द्रावणाने पुसून त्याला पुन्हा हात न लावणे हे पथ्य आहे.

पेंटरचा श्वास

गाडीमालकाच्या लक्षात सहसा न येणारी गोष्ट म्हणजे रंग मारणाऱ्या कारागिराचे आरोग्य. टूके रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. भोपाळमध्ये १९८४ साली हाहाकार माजवणारा मिथाइल आयसोसायनेट वायू याच रासायनिक कुळातला. हार्डनरमधील रसायने त्याच्याइतकी उडून जाणारी नसतात. पण स्प्रे गनमधून त्यांचे सूक्ष्म तुषार हवेत पसरतात आणि श्वासावाटे छातीत जातात. त्यातून होणारा दमा बऱ्याचदा कायमचा असतो. एकदा शरीर संवेदनशील झाले, की पुढे या रसायनाचा अत्यल्प अंशही श्वास कोंडण्यास पुरतो, आणि त्या माणसाला आपला धंदा सोडावा लागतो.

या तुषारांना धोक्याच्या पातळीवरही वास येईलच असे नाही. ‘वास येत नाही म्हणजे धोका नाही’ हा हिशेब इथे चालत नाही. तोंडाला रुमाल बांधणे निरुपयोगी आहे. साधा धुळीचा मास्कही पुरत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंग झाकणारे कपडे आणि दूषित हवा ओढून गाळणारी खोली ही खरी व्यवस्था होय. फवारणी थांबल्यावरही काही काळ तुषार हवेत राहतात, हेही विसरू नये. गॅरेज निवडताना मालकाने रंगाच्या तक्त्याआधी पेंटरचा मास्क पाहावा. ज्या ठिकाणी माणसाच्या फुप्फुसाची काळजी घेतली जाते, तिथे पत्र्याचे कामही बहुधा नीटच होते. मास्क आणि भट्टीमुळे बिल वाढले, तर ती वाढ रास्तच समजावी.

कागदपत्रे आणि करार

रंगाची नोंद वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात असते. छटा बदलायची असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी. अन्यथा विक्री, विमा आणि पुनर्नोंदणीच्या वेळी अडचणी येतात. चेसिस क्रमांक जिथे ठोकलेला असतो, तिथे ग्राइंडर चालू देऊ नये किंवा लांबी भरू देऊ नये. हे अंक पुसले गेले, तर गाडीची ओळखच संशयास्पद ठरते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात भरीव बदल न केलेली वाहने त्यात येतात. अशा नोंदणीनंतर गाडीचा वापर प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांपुरता राहतो. म्हणजेच सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातील फियाट आता या व्याख्येत बसू शकतात. पत्रेकाम करताना मूळ आकार न बदलण्याचे हे आणखी एक कारण.

गॅरेजशी बोलणी करताना एकठोक रकमेऐवजी टप्पे ठरवून घ्यावेत: गाडी उघडणे, रंग सोलणे, पत्रेकाम, प्रायमर, रंग आणि जुळणी. रंग सोलेपर्यंत आत काय निघेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे पत्रेकामाचा अंदाज सोलल्यानंतरच घ्यावा. प्रायमर चढण्यापूर्वी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहावा आणि त्याची छायाचित्रे जपून ठेवावीत. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर चकाकणाऱ्या रंगापेक्षा ही छायाचित्रेच जाणकार ग्राहकाला अधिक पटतात.

रंग झाल्यावरही थोडे काम उरते. दारे आणि सिल यांच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारून घ्यावा आणि पाणी निघून जाण्याची तळाची भोके बुजलेली नाहीत ना, हे पाहावे. नव्या रंगावर पहिले काही आठवडे मेणाचे पॉलिश लावू नये; आतला थिनर पूर्ण उडून जाऊ द्यावा. प्लास्टिकच्या घट्ट आच्छादनाखाली ओल कोंडते, म्हणून हवा खेळती ठेवणारे कापडी आच्छादन वापरावे. आणि दर पावसाळ्यानंतर एकदा गाडीखाली टॉर्च घेऊन डोकवावे. सुरुवातीचा गंज नखाएवढा असताना सापडला, तर तो एका दुपारच्या कामात आटोपतो. दुर्लक्ष झाले, तर पुन्हा सगळी गाडी उघडावी लागते.